वन्सं, देसाई नव्हताच

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून या घरात दूध हुंगून बघणारं कोणी उरलेलं नाही. गवळी येतो, दूध घालतो, मी पातेलं चुलीवर चढवते, संपलं. तुम्ही असताना आधी वास, मग नखावर एक थेंब, मग गवळ्याच्या तोंडाकडे एक लांब नजर. तो वैतागून म्हणायचा, "आक्का, म्हस आणून दारात पिळू काय?" आणि तुम्ही अगदी शांतपणे म्हणायचात, "पीळ."

समाचाराला माणसं आली. कोणी म्हणालं फार सोशीक बाई, कोणी म्हणालं भावासाठी जन्म काढला. मी आत वाटीत साखर काढत होते. मला वाटलं, तुम्ही दाराआड उभ्या असतात तर माझ्या कानाशी लागून विचारलं असतंत, "एवढं गोड बोलतायत, ह्यांना हवंय तरी काय गो?" मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. बायकांना वाटलं नणंदेवर फार जीव होता. होता की नव्हता, हेच मला इतकी वर्षं कळलेलं नव्हतं. आता कळलंय, पण तुम्ही नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तुम्हांला आठवत असेल, पालीच्या अलीकडच्या सड्यावर फटफट्यांची शर्यत ठरली तेव्हा गावात दुसरा विषय नव्हता. कोल्हापूरहून, बेळगावहून, मुंबईहून फटफटीवाले येणार. रत्नागिरीतून उतरणारे हे एकटेच. यांचं सायकलींचं दुकान, बाजूला पेट्रोलच्या डब्यांचा धंदा, आणि बदली होऊन गेलेल्या साहेबाकडून घेतलेली ती जुनी फटफटी. मांडवीपर्यंत जाऊन आले की पोरांचा घोळका मागे. "दामूशेठ, कप गावात राहिला पायजे हां!" असं बाजारात येणारा-जाणारा म्हणायचा. हे छाती काढून हसायचे.

तीन दिवस सड्यावरच राहुट्या ठोकून राहायचं होतं. पुरुषांनी, अर्थात. तुम्ही जाहीर केलंत, "मी येणार."

"आक्का, तिथे बायका नसतात," हे म्हणाले.

"म्हणूनच येणार. परक्या माणसांत तुझी गाडी नि तू एकटा. राधेलाही घे. जेवण कोण रांधणार? का त्यांच्या हातचं खाणारेस?"

केळशीच्या सासरी वर्षभरही न नांदता तुम्ही परत आलात, आणि आई नसलेल्या या भावाला अंगाखांद्यावर वाढवलंत. त्यांनी तुमचा शब्द कधी मोडला नाही. मग काय, बैलगाडीत तांदळाचं पीठ, कुळीथ, आमसुलं, तवा, आणि तुमचं ते पितळी कुलूप लावलेलं पाण्याचं पिंप. पाण्याला कुलूप! शर्यतीतली माणसं बघायला जमली होती.

मार्गशीर्षातला सडा, नुसतं उघडं पठार. गवत वाळून सोनेरी झालेलं, मधे उघडा काळा-तांबडा कातळ, वारा असा की बोलणं तोंडातून उडून जावं. कातळात राहुट्यांच्या खुंट्या शिरेनात. शेवटी जांभ्याचे चिरे आणून दोर त्यांना बांधले. फक्कीने शर्यतीची वाट आखलेली, वळणांवर तांबडी निशाणं. एक वळण अगदी सड्याच्या कडेला, खाली दरड. ते बघून तुम्ही म्हणालात, "हे कुणाच्या टाळक्यातून निघालं?"

दोन राहुट्या होत्या. एकीत हे आणि यांचे दोन मित्र. दुसरीत आपण दोघी आणि फटफटी. हो, फटफटी आपल्यात, कारण यांचे मित्र घोरतात आणि घोरणाऱ्याचा भरवसा नाही, असं तुमचं म्हणणं. झोपताना तुम्ही सुंभाची दोरी गाडीच्या मागच्या चाकाला बांधलीत आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. मी हसले. तुम्ही म्हणालात, "हस. गाडी कुणी हलवली तर हात माझा ओढला जाईल, तुझा नाय."

शेजारची राहुटी बेळगावच्या देसायाची. मोटारीच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान होतं. उंच, हसरा, मोठ्याने बोलणारा. आल्या आल्या कुंद्याचा द्रोण घेऊन आला. "आक्का, आमच्या गावचा आहे, तोंड गोड करा." तुम्ही द्रोण घेतलात, तो वळल्यावर एक घास कावळ्याला घातलात, आणि कावळा उडून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसलात. मग म्हणालात, "लगेच काय होत नसतं." आणि द्रोण कातळावर पालथा घातलात. मी त्यातला तुकडा आधीच तोंडात टाकला होता. सांगायची हिंमत झाली नाही. दुपारभर मीच माझ्या पोटावर हात ठेवून बसले होते, इतका तुमचा संशय लागट!

देसाई गाडीभोवती येऊन चौकशी करी. पेट्रोल कुठलं, टायर कुठले, वळणावर किती वेग ठेवणार. हे सगळं सांगत. तुम्ही भाकरी थापता थापता ऐकत होतात. "एवढं कशाला विचारतो तो? ह्याची गाडी काय त्याच्या पोरीला बघायला आलीय?"

शनिवारी दुपारी सरावाच्या फेऱ्या झाल्या. लांबून आपल्याला नुसती धूळ दिसायची. एका फेरीत यांची गाडी कडेच्या वळणामागे गेली ती बराच वेळ आली नाही. तुम्ही पदर खोचून उभ्या राहिलात. मग गाडी आली, हळू. हे उतरले, कोपर सोललेलं, पण हसत होते. "जरा घसरली. मागचं चाक गेलं बाजूला. काय नाय." मित्रांनी पाठीवर थापा मारल्या. तुम्ही मात्र त्यांच्या कोपराकडे बघत नव्हतात, तोंडाकडे बघत होतात. मी ते पाहिलं, आणि मला त्याचा अर्थ लागला नाही.

रविवारी उजाडता उजाडता मी खालच्या विहिरीवर पाण्याला गेले. परत आले तेव्हा तुम्ही राहुटीच्या तोंडाशी बसून होतात. दोरी मनगटालाच होती.

"कोण आलं होतं का?" मी सहज विचारलं.

"कोण येणार? कोण नाय."

मग शर्यत. साहेबलोक खुर्च्यांवर, गावची माणसं छत्र्या घेऊन, सोडा-लेमनवाला, कुरमुरेवाला. सगळ्या गाड्या एका ओळीत लागल्या. इशारा झाला, बाकीच्या फटफटत सुटल्या आणि यांची जागच्या जागी. किक मारतात, मारतात, गाडी मुकी. देसायाने पाहिलं आणि, हे मी कधी विसरणार नाही, स्वतःची गाडी थांबवून तो उतरून आला. खाली बसला, प्लग काढला, ठिणगी नाही म्हणाला, आणि मॅग्नेटोचं झाकण उघडलं. आत पेन्सिलीच्या टोकाएवढा एक कार्बनचा तुकडा असतो, त्यातून ठिणगी पुढे जाते. तो तुकडाच नव्हता.

"दामूशेठ, हा कुणीतरी काढलाय," देसाई म्हणाला.

यांचा चेहरा तांबडालाल झाला. "कुणीतरी? तुला बरोबर कसं कळलं रे, कुठे बघायचं ते? आल्यापासून गाडीभोवती फिरतोयस. तूच काढलास!"

साहेबांसमोर, सगळ्या गावासमोर. देसाई उभा राहिला. त्याच्या हाताला आपल्या गाडीचं तेल लागलेलं होतं. तो काहीच बोलला नाही, आणि गर्दीला ते न बोलणंच पुरलं. कोणी शिवी दिली, कोणी ढेकूळ मारलं. आणि तुम्ही, ज्यांनी तीन दिवस त्या माणसाच्या सावलीवरही नजर ठेवली, तुम्ही पुढे होऊन भावाचा दंड धरलात आणि म्हणालात, "देसाई नव्हता."

"तुला काय माहीत आक्का?"

"देसाई नव्हता. चल घरी."

गर्दीत ते फारसं कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. आणि परतीच्या बैलगाडीत सड्यापासून रत्नागिरीपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. दोरी तुमच्या हाताला. गाडीला कुणी हात लावला तर तुम्हांला कळणार. तुम्ही म्हणता कोण आलं नाही. आणि तुम्ही म्हणता देसाई नव्हता. मग उरलं कोण?

पुढे काही दिवसांनी, चुलीपाशी, मी विचारलंच. "वन्सं, तो तुकडा तुम्ही काढलात ना? ते वळण बघून तुमचा धीर सुटला."

तुम्ही तांदूळ निवडत होतात. हात थांबला नाही. "समज, मीच."

"समज म्हणजे काय? होय की नाही?"

"तुला होय वाटतंय ना? मग होय."

"आणि त्या देसायाचं काय? गावाने त्याला चोर केला."

तेव्हा हात थांबला. "ते मला रोज सलतंय," असं म्हणालात आणि सूप घेऊन उठून गेलात.

त्या दिवसापासून माझं मन तुमच्यावरून उडालं. भांडण नाही, अबोला नाही, पण मी तुमच्यावर पाळत ठेवायला लागले. संशय घ्यायचा कसा, हे तुमच्याच घरात शिकले होते. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीत यांनी भागी घ्यायचं ठरलं, भागीदार बोलणी करायला येणार त्या सकाळी यांना ताप भरला आणि ते अंथरुणातून उठले नाहीत. भागीदार कंटाळून दुसरीकडे गेला. सकाळी यांना काढा कुणी दिला होता? तुम्ही. मुंबईला दुकान बघायला जायचं, तर बोट चुकली. टांगेवाल्याला निरोप कुणी द्यायचा होता? तुम्ही. मला वाटायचं, या बाईला भाऊ पदराखालीच हवा आहे, मोठा झालेला नको आहे. हे एकदा मी बोलूनही दाखवलं. तुम्ही म्हणालात, "असंल." एवढंच. तुम्ही स्वतःची बाजू एकदा तरी मांडायची होतीत, वन्सं. गवळ्याशी तास तास भांडणारी बाई तुम्ही, माझ्याशी का नाही भांडलात?

शेवटच्या आजारात तुमचं सगळं मीच केलं. वाटत होतं, आता तरी बोलाल. तुम्ही माझा हात धरलात, जवळ ओढलंत, मी कान ओठांशी नेला. "पिंपाचं झाकण नीट लावलंस ना?" त्यानंतर बोलणं बंदच झालं.

दिवसकार्य उरकलं आणि एका दुपारी हे पडवीत बसले होते. मला म्हणाले, "आक्का शेवटी काय बोलली गो?" मी झाकणाचं सांगितलं. जरा वेळाने परत, "बाकी काय नाय ना बोलली?" मी नाही म्हटलं. मी सुपारी कातरत होते. आणि परत, नारळीकडे बघत, अगदी उगीच विचारल्यासारखं, "नाय, म्हटलं, जुनं-बिनं काय काढलं असेल."

तुम्ही म्हणायचात ना, माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सहज विचारायला लागला की ती सहज नसते. माझा अडकित्ता थांबला.

"बोलल्या," मी म्हटलं.

"काय?"

"सगळंच बोलल्या."

यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "सड्यावरचं?"

वन्सं, आवाज मी हलू दिला नाही. "सड्यावरचं पण."

मग त्यांनी मान खाली घालून सांगितलं. शनिवारी त्या वळणावर गाडी घसरली तेव्हा ते आणि गाडी दरडीच्या अगदी तोंडापर्यंत फरफटत गेले होते. एक पाय बाहेर लोंबत होता. कुणी पाहिलं नाही. "भ्यालो गो मी. गावाला कसं सांगू, की मी उतरत नाय? पहाटे तू पाण्याला गेलेलीस. मी आत आलो, झाकण उघडलं. दोरी हलली. आक्का जागीच होती. माझ्याकडे बघत होती. मी तुकडा काढला, तिच्या समोर. ती काय बोलली नाय. तिने कूस वळवली."

"आणि देसाई?"

"ते तोंडातून गेलं माझ्या. माणसं बघत होती. एकदा गेलं ते परत घेता येईना. आक्का घरी आल्यावर एवढंच म्हणाली, त्याचं नाव घेतलंस ते वाईट केलंस. मग कधी विषय नाय." ते थांबले, आणि मग जे म्हणाले ते मला झोंबलं. "पण शेवटी बोललीच म्हणायची ती. तुला सांगूनच गेली."

त्या स्वरात तक्रार होती. तुमच्याबद्दल! आणि ती माझ्या थापेने तयार केली होती.

लगेच खरं सांगायला हवं होतं, पण मला ते जमलं नाही. मला आधी या माणसाकडे बघायचं होतं. दोन दिवस मी त्यांना जेवायला वाढत होते आणि बघत होते. ज्या ज्या गोष्टीत मी तुम्हांला दोषी धरलं होतं त्या सगळ्या एकेक करून समोर येत होत्या. शेवटी ताटावरच विचारलं.

"भागीदार येणार होता त्या दिवशीचा ताप?"

घास हातात राहिला. "नव्हता."

"आणि बोट?"

"ती मात्र खरंच चुकली गो. देवाशप्पथ. टांग्याचं चाक निखळलं होतं." इतक्या कळवळून म्हणाले की मला हसू फुटलं. तेही हसले, ओशाळून. आणि त्या हसण्यातच मी सांगून टाकलं, "तुमची आक्का काही बोलली नव्हती. एक शब्द नाही. मी खोटं बोलले."

"काहीच नाय?"

"मी तोंडावर विचारलं होतं तेव्हासुद्धा नाही. उलट स्वतःवर घेतलं."

तुम्ही गेलात तेव्हा हे रडले नव्हते, माणसांच्या गराड्यात होते. त्या दिवशी उष्ट्या हाताने भिंतीला टेकून रडले. लहान मुलासारखे, आवाज करून. मी दार लोटून घेतलं.

मग मीच म्हटलं, बेळगावला जायचं. त्यांनी कारणं सांगितली. दुकान, घाटातली वाट, देसाई आता तिथे असेल का. मी म्हटलं, मीही येते. तुमच्यासारखंच म्हटलं, परवानगी न विचारता. खरं सांगू? एकटे गेले तर पालीला उतरून परत येतील, असं मला वाटत होतं.

देसाई होता. अंगाने सुटला आहे, केस पिकलेत. यांना बघून त्याचं हसू मावळलं. आम्हांला आतल्या बाजूला घेऊन गेला. हे बोलले. अडखळत, पण काही लपवलं नाही. तुमचं त्या दिवशीचं वाक्यही सांगितलं, की आक्का तेव्हाच म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला, "दामूशेठ, सड्यावर शे-पाचशे माणसांसमोर बोललात. इथं पडद्यामागं सांगताय व्हय?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील आणि निघतील. मी काहीच केलं नाही, फक्त उभी राहिले. हे उठले, बाहेर दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, कामाची माणसं होती, रस्त्यावरून कोणी डोकावत होतं. तिथे उभे राहून यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी भ्यालो होतो, तुकडा मी काढला, आळ देसायांवर घातला. शेवटच्या शब्दापर्यंत गेले. कोणी हसलं नाही. देसायाने एका माणसाला चहा आणायला पाठवलं. त्याने क्षमा केली असं तो म्हणाला नाही, आणि यांनी मागितलीही नाही. चहा मात्र तिघांनी घेतला.

तुमच्याशी माझं एक भांडण अजून शिल्लक आहे. मला का नाही सांगितलंत? मी खूप विचार केला. तुम्ही भावाला गावापासून लपवलंत असं खरं कळल्यावर मी आधी धरून चालले होते. आता वाटतं, तुम्ही त्यांना माझ्यापासून लपवलंत. बायकोला कळलं तर ती त्याला मनातून उतरवेल, असं तुम्हांला वाटलं असणार. त्यापेक्षा ती तुमच्यावर चिडलेली परवडली, असा तुमचा हिशोब. सगळ्या जगावर संशय घेतलात, त्यातून मी तरी कशी सुटणार?

वन्सं, हा संशय खोटा होता. पूर्ण खोटा म्हणत नाही, ते दोन दिवस मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं हे खरं आहे. पण तुम्ही मला संधी द्यायला हवी होतीत. आपण दोघींनी मिळून त्यांना सांभाळलं असतं. चुलीपाशी बसून त्यांच्यावर हसलोही असतो कधीमधी. एवढी वर्षं एका घरात राहून आपण ते केलं नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

परत येताना आंबा घाटात सर्व्हिस मोटार हेलकावे खात होती. मोटार भरलेली. कोल्हापूरचे व्यापारी, कुणी मास्तर, कोंबड्या घेतलेली एक म्हातारी. हे खिडकीशी बसले होते, वळण आलं की दोन्ही हातांनी पुढची दांडी धरत होते. पूर्वीही धरत असतील, मी कधी पाहिलं नव्हतं. मग थकून त्यांचा डोळा लागला आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. भर मोटारीत, परक्या माणसांदेखत. ती म्हातारी टक लावून बघायला लागली. मी पदर सारखा केला आणि घाट उतरेपर्यंत खांदा हलवला नाही.